रसायनशास्त्राची भीती आणि आपली मुले

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाचे महत्त्व या विषयावर आपण सर्वांनी आजवर पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. त्यात आणखी एकाची भर घालावी असे मला वाटत नाही. म्हणून आज एका लहानशा, पण दरवर्षी अनेक घरांत चिंतेचे कारण होऊन बसणाऱ्या प्रश्नावर बोलण्याची मी परवानगी घेतो. नववी-दहावीतल्या आपल्या मुलामुलींना रसायनशास्त्र इतके जड का जाते आणि ते सोपे व्हावे म्हणून शिक्षक, पालक आणि स्वतः विद्यार्थी यांनी काय करावे, हा तो प्रश्न. हे भाषण स्मरणिकेत वाचणाऱ्यांनीही ते आपल्याशीच बोलले जात आहे असे समजावे.

प्रश्न लहान म्हटला, परंतु त्याचे परिणाम लहान नाहीत. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घ्यायची असो वा नर्सिंगची पदवी, बारावीला रसायनशास्त्र असावे लागते. शेती, दुग्धव्यवसाय, खाद्यपदार्थांचे कारखाने, पाणी आणि माती तपासण्याच्या प्रयोगशाळा या सर्वांचा रस्ता याच विषयातून जातो. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके तर शेतमालाचे, दुधाचे, द्राक्षांचे, टोमॅटोचे आणि कांदा-बटाट्याचे. येथील मुलगा किंवा मुलगी नववीत या विषयाला घाबरली की दहावीनंतर विज्ञानशाखेकडे पाठ फिरवते. घरचेही म्हणतात, "जाऊ द्या, नाही झेपत." एका विषयाच्या भीतीपायी आठ-दहा दरवाजे एकदम बंद होतात आणि ते बंद झाल्याचे त्या वेळी कोणाच्या लक्षातही येत नाही.

भीतीचे मूळ कोठे आहे?

मुलाला विचारा, रसायनशास्त्रात अवघड काय आहे? तो सांगेल, "पाठ होत नाही." पालकांनाही तसेच वाटते. मुलाची स्मरणशक्ती कमी, असे ते समजतात. परंतु हाच मुलगा क्रिकेटच्या सामन्यातील धावा आणि चित्रपटांतील संवाद धडाधड म्हणून दाखवतो. तेव्हा दोष स्मरणशक्तीचा नाही. ज्या गोष्टीचा अर्थ कळत नाही ती पाठ करावी लागते आणि अर्थ नसलेले पाठांतर आठवडाभरही टिकत नाही.

ग्लासगो विद्यापीठातील ॲलेक्स जॉनस्टन या रसायनशास्त्राच्या अध्यापकाने या अडचणीचा फार बारकाईने विचार केला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात त्यांनी दाखवले की रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालते. पहिली पातळी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींची : रंग बदलला, बुडबुडे आले, साका खाली बसला. दुसरी पातळी डोळ्यांना न दिसणाऱ्या अणू-रेणूंची. तिसरी चिन्हांची, म्हणजे सूत्रे आणि समीकरणांची. जाणता शिक्षक या तीन पातळ्यांवर सहज ये-जा करतो. मुलाला मात्र तिन्ही एकदम डोक्यावर आल्यासारख्या होतात आणि तो गोंधळतो.

आपल्याकडे तर बहुतेक वेळा पहिल्या दोन पातळ्या गाळून एकदम तिसरीलाच हात घातला जातो. फळ्यावर सूत्र येते, वहीत सूत्र जाते आणि ते कोणत्या पदार्थाचे, तो पदार्थ दिसतो कसा, हे मुलाला ठाऊकच नसते. ज्या माणसाला आपण कधी पाहिले नाही त्याचे नाव आणि पत्ता पाठ करण्यासारखे हे आहे. म्हणून माझे सर्व सांगणे एका वाक्यात असे : आधी वस्तू दाखवा, मग तिच्याविषयी मुलाला बोलू द्या आणि शेवटी चिन्ह शिकवा. या क्रमाने गेले तर साधारण बुद्धीचे मूलही या विषयात चांगले यश मिळवू शकते.

वस्तू आणायच्या कोठून? प्रयोगशाळेचे कपाट रिकामे असते, हे उत्तर मला ठाऊक आहे. पण आपले दोन तालुके हीच एक मोठी प्रयोगशाळा आहे. तीन उदाहरणे देतो.

जुन्नरचा कागद

जुन्नर हे एके काळी हाताने कागद तयार करण्याचे नामांकित ठिकाण होते. जुन्या दप्तरांत दौलताबादी कागदाबरोबर जुन्नरी कागदाचे नाव येते. हा धंदा करणारे कागदी हे मुसलमान कारागीर. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा नावाची वस्ती आहे, ती जुन्नरहून गेलेल्या कागद्यांचीच. पुढे गिरण्यांचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला.

हाताने कागद करण्याच्या जुन्या देशी पद्धतीत चिंध्या, गोणपाट किंवा रद्दी कागद चुन्याच्या आणि सज्जीखाराच्या पाण्यात भिजवीत, कुटत, पुन्हा पुन्हा धूत आणि मग तो लगदा हौदातून बारीक चटईवर उचलून ताव काढीत. ताव वाळला की त्याला खळ देत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत. यात नववी-दहावीचे निम्मे रसायनशास्त्र आले आहे.

चुनकळी भिजवली की विरलेला चुना तयार होतो. सज्जीखार म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट, आपल्या धुण्याच्या सोड्याचा भाऊ. ही दोन्ही पाण्यात एकत्र आली की त्यांची अदलाबदल होते. चुन्यातील कॅल्शियम सोड्यातील कार्बोनेटला घेऊन पांढरा साका होऊन खाली बसते आणि पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा राहतो. तो चिंध्यांतील चिकटा, तेलकटपणा काढतो आणि तंतू मोकळे करतो. पुस्तकातील "दुहेरी विस्थापन" आणि "अवक्षेप" हे शब्द त्या कागद्याला ठाऊक नव्हते, पण ती क्रिया त्याच्या हौदात रोज घडत होती.

आता याचा जमाखर्च पाहा. ७४ ग्रॅम विरलेला चुना आणि १०६ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, मिळून १८० ग्रॅम खर्ची पडले. जमेला ८० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आले, पुन्हा १८०. एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला नाही. समीकरण संतुलित करणे म्हणजे याहून वेगळे काही नाही. दुकानदाराच्या मुलाला कीर्द-खतावणी कळते, मग त्याला समीकरण का कळू नये? मात्र ते त्याला जमाखर्च म्हणून सांगितले पाहिजे.

कागदावरूनच दुसरी एक अवघड गोष्ट सोपी होते, ती म्हणजे मोल. "द्रव्याचे मोजमाप" हा धडा आला की भले भले विद्यार्थी हात टेकतात. त्यांना कागदाच्या बाजारात न्यावे. चोवीस तावांचा एक दस्ता आणि वीस दस्त्यांचे एक रीम, म्हणजे ४८० ताव, असा जुना हिशोब होता. गिरणीच्या कागदाचे रीम ५०० तावांचे असते. रीम हे एका ठरलेल्या संख्येचे नाव आहे. एक ताव १० ग्रॅमचा असेल तर ४८० तावांचे रीम ४ किलो ८०० ग्रॅम भरेल आणि ताव न मोजता नुसत्या वजनावरून आपण संख्या सांगू शकू. मोल हेही असेच एका संख्येचे नाव. अणू-रेणू फार सूक्ष्म, म्हणून संख्या फार मोठी : ६०२२ पुढे वीस शून्ये, इतकी साधारण. पाण्याचे इतके रेणू घेतले की त्यांचे वजन १८ ग्रॅम भरते. रीम समजले त्याला मोल समजला.

आणि एक गंमत आजच घरी जाऊन करा. वहीच्या कोऱ्या पानावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. बहुतेक कागद निळा-काळा पडेल. कागदाला दिलेल्या स्टार्चची ही खूण आहे. शाई फुटू नये म्हणून जुन्नरचा कागदी खळ देत असे. गिरणीही तेच करते.

हिरड्याची शाई

कागद झाला, आता शाई. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात हिरडा भरपूर होतो. तेथील आदिवासी बांधव तो गोळा करून विकतात आणि त्यावर अनेक घरांचा संसार चालतो. हिरड्यात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. हिरडा कुटून पाण्यात उकळा, गाळा आणि त्यात हिराकशीचे थोडे पाणी घाला. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोखंडाचा क्षार. पाणी पाहता पाहता काळसर होईल. हवेत ठेवले की ते आणखी काळे होईल, कारण हवेतील ऑक्सिजनने लोखंडाचे ऑक्सिडीकरण होते. त्यावर लिंबाचा रस पिळला की काळेपणा फिका पडतो. कपड्यावरच्या अशा डागाला लिंबू का लावतात याचे उत्तर मुलाला तेथेच मिळते. हिराकस मिळाली नाही तर कोऱ्या चहात लोखंडी खिळा टाकून ठेवा. तोही काळवंडेल, कारण चहातही तुरट द्रव्ये असतात.

"ऑक्सिडीकरण म्हणजे काय?" या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून घोकलेल्या मुलाने आणि ही शाई स्वतः केलेल्या मुलाने लिहिले, तर दोन्हींतला फरक परीक्षकाला लगेच कळतो.

द्राक्षबागेतील मोरचूद

तिसरे उदाहरण नारायणगाव-जुन्नर भागातील बागायतदारांच्या घरचे आहे. द्राक्षावरील केवड्यासाठी आपण बोर्डो मिश्रण फवारतो. फ्रान्समधील बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ साली त्याचा उपयोग जगापुढे मांडला. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे एक टक्का मिश्रणाचे प्रमाण. मोरचूद निम्म्या पाण्यात, चुना निम्म्या पाण्यात वेगवेगळे कालवायचे आणि मग एकत्र करायचे. भांडे लोखंडी नको, प्लास्टिकचे घ्यायचे.

मिश्रण नीट झाले की नाही हे आमचा शेतकरी कसे पाहतो? त्यात विळ्याचे किंवा चाकूचे स्वच्छ पाते बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे राहिले आहे, आणखी चुना घाला. नाहीतर पाने करपतील. हा तांबूस थर म्हणजे शुद्ध तांबे. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील, म्हणून ते तांब्याला त्याच्या जागेवरून उठवते आणि स्वतः तेथे बसते. पुस्तकात यालाच विस्थापन अभिक्रिया म्हणतात आणि भांडे लोखंडी का नको, याचे कारणही तेच. दहावीच्या परीक्षेत हा प्रश्न किती वेळा येतो हे शिक्षकांना मी सांगायला नको. ज्याचे वडील पाते बुडवून पाहतात, त्या मुलाला हे उत्तर पाठ करावे लागू नये. तरीही लागते, कारण बागेतली गोष्ट आणि पुस्तकातली गोष्ट एकच आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

भाषेची अडचण

वस्तूनंतर बोलणे, असे मी म्हटले. येथे आपल्या मुलांपुढे एक खास अडचण आहे. घरी दखनी किंवा उर्दू बोलायची, कोणी उर्दू शाळेत तर कोणी मराठी शाळेत शिकायचे आणि अकरावीला गेल्यावर रसायनशास्त्र एकदम इंग्रजीतून समोर यायचे. "तेजाब", "आम्ल" आणि "ॲसिड" ही एकाच पदार्थाची तीन नावे आहेत हे मोठ्यांना उघड वाटते. मुलाला तीन वेगळे पदार्थ वाटतात. "उंसर" म्हणजेच "मूलद्रव्य" म्हणजेच "एलिमेंट". "मुरक्कब" म्हणजे "संयुग" म्हणजे "कंपाउंड".

काही शब्द तर मुद्दाम फसवायला बसले आहेत असे वाटावे. मराठी पुस्तकात "क्षार" म्हणजे सॉल्ट, उर्दूतील "नमक". हिंदी पुस्तकात मात्र "क्षार" म्हणजे अल्कली आणि सॉल्टला "लवण". घरात "खार" म्हटले की कोणाला लोणच्याचा खार आठवतो, कोणाला झाडावरची खार. आणि ज्या "अल्कली" शब्दाला मुले इंग्रजी समजून घाबरतात, तो मूळचा अरबी "अल्-कली" आहे. वनस्पती जाळून उरणाऱ्या राखेला ते नाव होते. राखेने भांडी घासणाऱ्या आपल्या आजींना अल्कलीचा गुण माहीत होता.

या अडचणीवर महाराष्ट्रात काम झालेले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास महापालिकेच्या शाळांतील, गरीब आणि उपेक्षित घरांतील मुलांबरोबर अनेक प्रयोग केले. मुले विज्ञानात मागे पडतात त्यात पुस्तकी भाषेचा वाटा फार मोठा आहे, असे त्यांना आढळले. भाषा सोपी केली, मुलांना बोलते केले, हाताने करायला दिले, तेव्हा तीच मुले पुढे आली. मुलांची बुद्धी आधीपासून होतीच. भाषेचे कुलूप काढणे बाकी होते.

आपली भाषा विज्ञानाला अपुरी आहे असेही कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरला बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिले. १९१८ साली हैदराबादला स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानाचे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. तेव्हा मुलाला आधी त्याच्या बोलीत समजू द्या, मग पुस्तकाची भाषा द्या, मग इंग्रजी संज्ञा द्या. इंग्रजी टाळा असे मी म्हणत नाही. आठवीपासून रोज दोन-तीन इंग्रजी संज्ञा मिळत गेल्या तर अकरावीत धक्का बसणार नाही.

शिक्षकांनी काय करावे?

शिक्षक मित्रांनो, तुमच्यावर अभ्यासक्रमाचा आणि इतर कामांचा किती भार आहे याची मला कल्पना आहे. म्हणून मोजक्याच सूचना करतो.

पहिली, आठवड्याला एक प्रयोग, तोही मुलांच्या हातून. वहीत तीन रकाने पाडावेत : "काय दिसले", "आत काय घडले" आणि "कसे लिहायचे". पहिला रकाना मुलाने स्वतःच्या शब्दांत भरावा, भाषा अशुद्ध असली तरी चालेल. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हेच केले होते. साध्या, स्वस्त साहित्याची पेटी, गटाने प्रयोग आणि मुलांनी स्वतः लिहिलेली निरीक्षणे. तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला, पण तीस वर्षे खेड्यापाड्यांच्या शाळांत तो चालला. खेड्यातील शाळेला प्रयोग परवडत नाहीत हे म्हणणे त्याने खोटे ठरवले आहे.

दुसरी, तीन भाषांची शब्दवही. वर्गाच्या एका भिंतीवर मोठा तक्ता असावा आणि नवा शब्द आला की तो तिन्ही भाषांत त्यावर चढावा.

तिसरी, पाया पक्का केल्याशिवाय समीकरणांना हात लावू नये. पहिली वीस मूलद्रव्ये, त्यांच्या संयुजा आणि नेहमी लागणारी दहा-बारा मूलके, एवढी शिदोरी नववीच्या पहिल्या दोन महिन्यांत हवी. एवढेच पाठांतर खरोखर आवश्यक आहे. ते रोज पाच मिनिटांच्या तोंडी प्रश्नांनी करून घ्यावे.

चौथी, एक फिरती पेटी. परीक्षानळ्या, ड्रॉपर, चुना, खाण्याचा सोडा, व्हिनेगर, मोरचूद, खिळे, टिंक्चर आयोडीन, हळदीचा कागद एवढ्या साहित्याला मोठा खर्च नाही. जुन्नर, मंचर, घोडेगाव येथील शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, कोणता प्रयोग जमला, कोणता फसला ते एकमेकांना सांगावे आणि पेटी पुढच्या शाळेकडे द्यावी.

मात्र सुरक्षिततेत कसूर नको. मोरचूद विषारी आहे. भिजता चुना डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. गाडीच्या बॅटरीतील तेजाब मुलांच्या हातात कधीही देऊ नये. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. कोणताही पदार्थ चाखून पाहू नये. हे नियम प्रयोगाआधी मुलांकडून म्हणवून घ्यावेत.

पालकांनी काय करावे?

पालकहो, "आम्ही कोठे शिकलो आहोत, आम्ही काय शिकवणार?" असे तुम्ही म्हणाल. तुम्ही शिकवू नका, तुम्ही ऐका. रोज रात्री जेवताना दहा मिनिटे मुलाला किंवा मुलीला विचारा, "आज शाळेत काय पाहिलेस? मला समजेल असे सांग." तुम्हाला ते समजले तर मुलाला समजले आहे. तुम्हाला समजले नाही तर दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारायला सांगा. न शिकलेली आईही अशी उत्तम परीक्षक होऊ शकते.

आपल्या कामातली गोष्ट मुलाला दाखवा. पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल का होतो? हळद हा आम्लारी ओळखणारा दर्शक आहे. किटलीत पांढरा थर का बसतो आणि तो लिंबाने का निघतो? कल्हईवाला नवसागर कशासाठी टाकतो? उत्तर तुम्हाला येत नसेल तरी प्रश्न विचारा.

आणि मुलींच्या बाबतीत हात आखडू नका. स्वयंपाकघरात रसायनशास्त्र रोज तिच्या हाताखालून जाते. तिला पुस्तकही द्या, प्रयोगशाळेतही जाऊ द्या. या परिसराला परिचारिका, औषधनिर्मात्या आणि विज्ञानशिक्षिका हव्या आहेत आणि त्या आपल्याच घरांतून यायच्या आहेत.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. धडा चार वेळा वाचला म्हणजे अभ्यास झाला असे समजू नका. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. तुमची परीक्षा धडा वाचल्यावर पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते. म्हणून पुस्तक मिटा, कोरे पान घ्या आणि आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून चुकलेले लाल शाईने दुरुस्त करा. हेच दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा करा.

समीकरण लिहिताना आधी ते शब्दांत लिहा : लोखंड आणि मोरचूद यांपासून हिराकस आणि तांबे. मग सूत्रे घाला, मग जमाखर्च जुळवा. शब्दांचे समीकरण बरोबर असेल तर चूक कोठे झाली ते सापडते. रोज दोन समीकरणे आणि मोलचे एक उदाहरण, एवढे वर्षभर केले तर परीक्षेच्या महिन्यात जागरणे करावी लागणार नाहीत. चूक झाली म्हणून लाजू नका. चुकांची एक स्वतंत्र वही ठेवा. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्यासारखा दुसरा मित्र नाही.

आपल्या शेजारी खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश तेथे आणि आसपासच्या परिसरात उभ्या आहेत. दूरच्या आकाशगंगांतील हायड्रोजनच्या अणूंकडून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात. तोच हायड्रोजन, जो तुमच्या आवर्तसारणीच्या पहिल्या घरात बसला आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तेथे भरणाऱ्या प्रदर्शनात शाळांतील मुले आपले प्रयोग मांडत आली आहेत. तुमच्या शाळेची हिरड्याची शाई आणि जुन्नरी कागद तेथे मांडला जावा, असे मला मनापासून वाटते.

हातातले ज्ञान आणि वहीतले ज्ञान

शेवटी एक विचार मांडतो. जुन्नरच्या कागद्याच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते, पण ते कारखान्यातून शाळेत आले नाही. धंदा बसला आणि त्याबरोबर बहुतेक ज्ञानही गेले. जेथे हातातले ज्ञान आणि पुस्तकातले ज्ञान एकत्र आले तेथे निराळे घडले. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली आणि शास्त्राच्या आधाराने या कलेला पुन्हा आसरा मिळाला. सर्पगंधेचे मूळ हकीम-वैद्यांना शतकानुशतके माहीत होते. जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेल्या सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी दिल्लीत त्यावर संशोधन केले आणि १९३१ साली त्यातून एक नवे द्रव्य वेगळे काढले. हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला त्यांनी "अजमलीन" असे नाव दिले. पुढे हृदयाच्या ठोक्यांच्या दोषांवर त्याचा उपयोग झाला.

आपल्या मुलांच्या घरांत कोणी शेतकरी आहे, कोणी बागवान, कोणी कल्हईवाला, कोणी रंगारी, कोणी बॅटरी दुरुस्त करणारा. या प्रत्येकाच्या हातात रसायनशास्त्राचा एकेक धडा आहे. तो धडा मुलाच्या वहीत उतरवणे हे शाळेचे काम आहे आणि शाळा, घर व मूल यांनी मिळून ते केले तर या विषयाची भीती उरणार नाही. येत्या वर्षी प्रत्येक शाळेने निदान दहा प्रयोग मुलांच्या हातून करून घेण्याचा निश्चय करावा, एवढीच माझी विनंती आहे.